स्पिनिंग रॉडचा हिसका गळापर्यंत पोहोचत नाही; दोरी कोणती लावावी?

सारसोळे_भरती

नमस्कार मंडळी. मी नेरूळला राहतो. गेल्या पावसाळ्यानंतर सुट्टीच्या दिवशी सारसोळे जेट्टीवर आणि बेलापूरच्या खाडीकाठी स्पिनिंग रॉडने मासे गरवायला सुरुवात केली. रॉड सात फुटी व मध्यम ताकदीचा आहे, रील ४००० आकाराचे आहे आणि त्यावर दुकानदारानेच भरून दिलेला ०.४० मिलिमीटर जाडीचा साधा तंगूस (नायलॉनचा धागा) आहे. आमिष म्हणून बहुतेक वेळा वीस ग्रॅमच्या जिगहेडवर (वजनाचे डोके असलेल्या गळावर) रबरी मासोळी लावतो.

माझी अडचण अशी आहे की मासा आमिषावर आलेला हाताला स्पष्ट कळतो, मी लगेच रॉड डोक्यावरून मागे खेचतो, क्षणभर वजन जाणवते आणि पुढच्याच क्षणी दोरी सैल पडते. जेट्टीच्या अगदी पायथ्याशी, दहा-पंधरा मीटरच्या आत लागलेले मासे हाती येतात. लांब फेकून लागलेला मासा मात्र आजवर एकदाच काठावर आला आहे. मागच्या रविवारी ओहोटी सुरू होताना चांगल्या अंगाचा जिताडा लागला होता. त्याने पाण्याबाहेर उडी घेऊन डोके झटकले आणि रबरी मासोळी गळासकट माझ्या दिशेने उडत आली. गळ नवा होता, टोकदारही होता. तो मासा डोळ्यांसमोरून जात नाही, म्हणून हा प्रश्न विचारतो आहे.

एका मित्राचे म्हणणे आहे की ब्रेड म्हणजे विणलेली दोरी लाव, दुसरा म्हणतो फ्लोरोकार्बनचा धागा घे कारण ते माशाला दिसत नाही, आणि तिसऱ्याच्या मते तंगूसच ठेवून फक्त जास्त जाडीचा घ्यावा. दोरी बदलल्याने हिसका खरोखर सुधारतो का, आणि सुधारत असेल तर आपल्या खाडीसाठी नेमके काय घ्यावे? जाणकारांनी कारणासह सांगितले तर फार बरे होईल.

गायमुख

नमस्कार. आपल्या लिखाणातील सर्वात मोलाची गोष्ट आपण जाता जाता लिहून गेला आहात: जवळचे मासे लागतात आणि लांबचे सुटतात. गळ बोथट असता तर जवळचेही सुटले असते. अंतर वाढले की हिसका मरतो, याचा अर्थ तो वाटेत कुठेतरी खर्च होतो आहे, आणि ती वाट म्हणजे दोरी.

तंगूस हा नायलॉनचा एकेरी धागा असतो आणि नायलॉन ताणले जाते. तुटेपर्यंत ओढले तर बहुतेक तंगूस पंधरा ते तीस टक्के लांबतात. हिसक्याच्या वेळी आपण दोरी तुटण्याइतकी ओढत नाही हे खरे, पण लहान ताणातही काही टक्के लांबी वाढतेच. समजा तो ताण पाच टक्केच धरला, तरी चाळीस मीटर दोरीत दोन मीटर झाले. सात फुटी रॉड मागे खेचताना त्याचे टोक साधारण दीड-दोन मीटर सरकते. म्हणजे आपण मारलेला अख्खा हिसका दोरी लांबवण्यातच संपला आणि गळाच्या टोकापर्यंत उरला तो केवळ हलकासा ओढा. दहा मीटरवर हाच हिशेब अर्ध्या मीटरचा होतो आणि बाकीची खेच माशाच्या जबड्यापर्यंत जाते. आपल्याला आलेला अनुभव या हिशेबाशी तंतोतंत जुळतो.

मला स्वतःला हे पटायला वेळ लागला होता, म्हणून मी आमच्या इमारतीच्या वाहनतळावर एक साधा प्रयोग केला. सामान तोलायचा स्प्रिंगचा काटा एका खांबाला बांधला, त्याच्या दर्शकाशेजारी रबराची बारीक कडी सरकवून ठेवली म्हणजे सर्वात जास्त ओढ कुठवर गेली त्याची खूण राहते, आणि चाळीस पावलांवरून नेहमीसारखा हिसका मारला. तंगुसावर ती कडी अर्ध्या किलोच्या अलीकडे-पलीकडे घुटमळली. त्याच रॉडवर ब्रेड लावून मारले तेव्हा ती एक किलोच्या पुढे गेली. मनात मात्र प्रत्येक वेळी वाटत होते की मी पाच किलोने ओढले. आपण प्रत्येकाने एकदा हे करून पाहावे असे मला मनापासून वाटते, कारण रॉड वाकलेला दिसला की हिसका जोरदार बसला असा जो समज होतो, तो या काट्यासमोर टिकत नाही.

ब्रेड म्हणजे पॉलिएथिलीनच्या अतिशय बळकट तंतूंची विणलेली दोरी. तिचा ताण तीन ते पाच टक्क्यांच्या घरात असतो आणि तोही तुटण्याच्या टोकाला; हिसक्याच्या ओढीला ती जवळजवळ लांबतच नाही. दुसरा फायदा जाडीचा आहे. पीई १.५ क्रमांकाची (पीई हा ब्रेडच्या जाडीचा क्रमांक) ब्रेड सुमारे ०.२० मिलिमीटर जाड असते आणि तरीही आपल्या ०.४० च्या तंगुसाइतके किंवा त्याहून अधिक वजन पेलते. आपल्या खाडीत हा फायदा ताणाइतकाच मोठा आहे. उधाणाच्या दिवसांत मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीच्या पातळ्यांतील अंतर साडेचार मीटरच्या पुढे जाते आणि ते सगळे पाणी खाडीच्या अरुंद वाटेने आत शिरते व बाहेर पडते. त्या ओढीत जाड दोरी धनुष्यासारखी वाकते. दोरीला असा बाक आलेला असताना हिसका मारला तर आधी तो बाक पाण्यातून आडवा ओढावा लागतो, मगच गळ हलतो. बारीक दोरीला पाणी कमी ढकलते, त्यामुळे बाक लहान राहतो.

आता फ्लोरोकार्बन. ते पाण्यात कमी दिसते हे खरे आहे, कारण त्याचा अपवर्तनांक सुमारे १.४२ असून तो पाण्याच्या १.३३ ला नायलॉनच्या १.५३ पेक्षा अधिक जवळ आहे. पण ठाण्याच्या किंवा पनवेलच्या खाडीच्या पाण्यात हात कोपरापर्यंत बुडवला तर बोटे दिसत नाहीत, तिथे या गुणासाठी पैसे मोजण्यात अर्थ नाही. त्याचा ताण नायलॉनपेक्षा फारच कमी असतो, हाही एक गैरसमज आहे. हलक्या ओढीला ते ताठ वाटते, पण जोराच्या ओढीला तेही लांबते, आणि एकदा लांबले की पूर्ववत होत नाही. शिवाय जाड फ्लोरोकार्बन स्पिनिंग रीलवर कडक वेटोळी धरून बसते आणि फेकताना उसळून बाहेर येते. रीलभर फ्लोरोकार्बन भरण्याचा विचार आपण सोडून द्यावा.

तिसऱ्या मित्राचे म्हणणे अगदीच चूक नाही. तेवढ्याच ओढीला जाड तंगूस बारीक तंगुसापेक्षा कमी लांबतो. पण जाडी वाढली की फेक आखूड होते आणि बाक वाढतो, म्हणजे एका हाताने मिळवलेले दुसऱ्या हाताने जाते.

म्हणून माझा सल्ला असा: पीई १.५ किंवा २ क्रमांकाची ब्रेड दीडशे मीटर घ्यावी आणि तिच्या टोकाला ०.५० ते ०.६० मिलिमीटर जाडीच्या साध्या नायलॉनचा एक-सव्वा मीटर लीडर, म्हणजे गळाकडचा जाड तुकडा, जोडावा. पाकिटावरील पौंडांच्या आकड्यापेक्षा जाडीकडे पाहावे; निरनिराळ्या कंपन्यांचे पौंड एकसारखे नसतात. आठ पदरी ब्रेड गुळगुळीत असते व लांब जाते. चार पदरीचा एकेक पदर जाड असल्यामुळे ती घासण्याला अधिक टिकते. पुलांच्या खांबांजवळ गरवणार असाल तर मी चार पदरीच घेईन. रंग उठून दिसणारा घ्यावा, पिवळा किंवा पोपटी, म्हणजे दोरी कुठे झोल खाते आहे ते डोळ्यांना दिसते.

आणि हिसका डोक्यावरून मारू नये. रॉडचे टोक माशाच्या दिशेने खाली न्यावे, रील फिरवून झोल काढावा, वजन हाताला लागले की मगच कमरेतून वळत रॉड आडवा खेचावा. आधी रील, मग हिसका. निम्मी सुधारणा इथेच होईल.

दिवाळेकर

वरील माहिती योग्य आहे, त्यात आमच्या बाजूचे थोडे घालतो. आमच्या घरात रॉड अलीकडे आला. वडील आणि चुलते होडीतून हातदोरानेच गरवत आले. हातदोराचा तंगूस चांगला जाड असतो आणि मध्ये वाकणारी काठी नसते, म्हणून हाताची ओढ थेट गळाला मिळते. रॉडवर आल्यावर मलाही सुरुवातीला हेच वाटले होते की मासा कुणीतरी मधल्या मध्ये काढून घेते आहे.

दादा, दोरी अवश्य बदला, पण मासा कोणता आहे त्यावर हिसका ठरतो हे विसरू नका. जिताड्याचे तोंड हाडाचे असते, तिथे टोक रुतायला जोर लागतो. शिंगाळ्याचे तोंडही चिवट. बोईटाचे ओठ मात्र इतके नाजूक असतात की ब्रेडवर तसाच जोर लावला तर ओठ फाटून गळ रिकामा येतो. ब्रेड लांबत नाही, म्हणजे तुमच्या हाताची चूकही ती जशीच्या तशी पुढे पोहोचवते. ज्या दिवशी पिठाच्या गोळीवर बोईट गरवायचा असेल त्या दिवशी माझ्या रीलवर आजही बारीक तंगूसच असतो.

गळाबद्दल एक सांगायचे आहे. नवा गळ टोकदार असतोच असे नाही. अंगठ्याच्या नखावर टोक हलके टेकवून सरकवून पाहावे. नखावर चरा उमटून तिथेच अडकला तर तो गळ चालेल, घसरत गेला तर त्याला बारीक कानस लावावी. जिगहेडचा गळ जाड तारेचा असेल तर त्याला रुतायला जास्त ओढ लागते. मध्यम रॉडवर जाड तारेचा गळ आणि ताणला जाणारा तंगूस, हे तिन्ही एकत्र आले की लांबचा मासा लागणे कठीणच. आणि आत वळलेल्या तोंडाचा गळ, ज्याला सर्कल हुक म्हणतात, तो लावला असेल तर हिसका अजिबात मारू नये. मासा वळून निघाला की रील सावकाश फिरवत राहावे. तो गळ जबड्याच्या कोपऱ्यात स्वतः बसतो.

लीडरची जाडी कमी करू नका, पाणी गढूळ असो वा स्वच्छ. जिताड्याच्या गालफडाची कड पात्यासारखी असते आणि खांबांवरची कालवे त्याहून वाईट. ब्रेड कालवांना नुसती लागली तरी तिचे पदर उसवतात. शिंगाळा काठावर आला तर त्याला हाताने धरू नका. त्याचे काटे विषारी असतात आणि ठणका दिवसभर जात नाही.

कोलशेत_खाडी

माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते नोंदवावेसे वाटते. मी कांदळवनातील नाल्यांच्या तोंडाशी गरवतो, तिथे वीस मीटरपुढे फेकायला जागाच नसते. एवढ्या अंतरावर ०.३५ चा चांगला तंगूस पुरेसा हिसका देतो आणि जिताडा उडी मारून डोके झटकतो तेव्हा तंगुसाचा ताणच उपयोगी पडतो. दोरीत लवचिकपणा असला की त्या झटक्यात गळावरची ओढ एकदम शून्यावर येत नाही. ब्रेडवर ते काम रॉडच्या वाकण्याला आणि तुमच्या हाताला करावे लागते. प्रश्नकर्त्यांचा जिताडा उडीत सुटला तो गळ पुरता रुतला नव्हता म्हणूनच, हे मान्य. पण ब्रेड लावल्यावर तो उडी मारताच रॉड खाली झुकवून दोरी ताठ ठेवण्याची सवय केली नाही, तर पुन्हा तेच होईल. मध्यम ताकदीचा रॉड आहे ही चांगली गोष्ट आहे. तो बदलून ताठ रॉड घेण्याच्या मोहात पडू नका.

सारसोळे_भरती

आपण सर्वांनी एवढ्या आत्मीयतेने लिहिले त्याबद्दल मनापासून आभार. चार पदरी पीई २ ब्रेड दीडशे मीटर आणली, जुना तंगूस पूर्ण काढून ती रीलवर भरली, ०.५० चा नायलॉन लीडर डबल युनी गाठीने जोडला आणि तीन रविवार गरवून मगच हे लिहितो आहे.

पहिला फरक हिसक्याच्या आधीच जाणवला. रबरी मासोळी तळाच्या गाळाला टेकते, शिंपल्यावरून घासते, कोळंबी बाजूला उडते, हे सगळे बोटाला कळू लागले. पूर्वी ज्याला मी मासा समजून खेचत होतो त्यातील निम्मे तरी खाडीचा तळच असावा असे आता वाटते. आधी रील, मग हिसका, हे ठरवून पाळले आणि तीस मीटरच्या पुढे लागलेले दोन शिंगाळे काठावर आणले.

परंतु एक नवीच अडचण उभी राहिली आहे. काल चांगला मोठा मासा लागला. हिसका मारताच ड्रॅग (ओढ वाढली की दोरी सोडणारा रीलचा ब्रेक) घसरल्यासारखी दोरी सुटत गेली. मी ड्रॅगची कळ पुरी आवळली तरी रील फिरवताना हँडल फिरत होते आणि दोरी काही आत येत नव्हती. मासा गेला. घरी येऊन पाहिले तर ड्रॅगच्या चकत्या ठीक आहेत. रील बिघडले की काय, अशी शंका येते आहे.

गायमुख

रील बिघडलेले नाही. आपण तंगूस पूर्ण काढून ब्रेड थेट धातूच्या स्पूलवर (रीलच्या दोरी गुंडाळायच्या चकरीवर) गुंडाळली आहे, त्यामुळे दोरीचा सगळा गुंडा स्पूलवर गोल घसरतो आहे. ब्रेडचा पृष्ठभाग निसरडा असतो आणि ती लांबत नसल्याने स्पूलला तंगुसासारखी आवळून धरत नाही. बाहेरून पाहणाऱ्याला ते हुबेहूब ड्रॅग सुटल्यासारखे दिसते, आणि ड्रॅग कितीही आवळला तरी थांबत नाही, हीच त्याची ओळख. खात्री करायची असेल तर एका हाताने स्पूल घट्ट धरून दुसऱ्या हाताने दोरी ओढून पाहा. स्पूल जागेवर आणि गुंडा फिरताना दिसेल.

उपाय सोपा आहे. ब्रेड काढून घ्या, स्पूलच्या तळाशी आपल्याच जुन्या तंगुसाचे थर द्या, त्याला ब्रेड डबल युनीने जोडा आणि वरून ती ओल्या कापडाच्या चिमटीतून ताणून भरा. सैल भरलेली ब्रेड पुढच्या मोठ्या माशाच्या ओढीने स्वतःच्याच थरांत रुतून बसते. ४००० च्या रीलवर दीडशे मीटर पीई २ ने स्पूल अर्धवटच भरले असेल, त्यामुळे फेकही आखूड पडत असणार. तंगुसाचा थर एवढा द्या की वरची ब्रेड स्पूलच्या काठाच्या दोन मिलिमीटर खाली येऊन थांबेल. जुना तंगूस फेकून दिला असेल तर वीज जोडणीच्या चिकटपट्टीचा एक वेढाही घसरणे थांबवतो, पण त्याने स्पूल भरत नाही.

हे झाल्यावर ड्रॅग नव्याने लावा, कारण काल आपण तो पुरता आवळला आहे आणि न लांबणाऱ्या दोरीवर तसा ड्रॅग ठेवणे धोक्याचे आहे. दोरीला स्प्रिंगचा काटा बांधून, रॉड वाकलेल्या अवस्थेत ओढायला सांगा आणि दोन किलोला दोरी सुटू लागेल असे लावा. साखळीतील सर्वात कच्ची कडी म्हणजे आपली गाठ, तिच्या ताकदीच्या चौथ्या हिश्श्याच्या जवळपास ड्रॅग असावा. गाठ आवळण्यापूर्वी ओली करावी. कोरडी आवळली तर नायलॉन घर्षणाच्या उष्णतेने दुबळे होते. ल्युअरला (कृत्रिम आमिषाला) ब्रेड थेट बांधण्याची वेळ आली तर साधी क्लिंच गाठ बांधू नका, ती सरकते, पालोमार बांधा.

फेकल्यानंतर रीलची तार (फेकताना उघडायची कडी) हँडल फिरवून न पाडता हाताने पाडावी आणि बोटाने दोरीचा झोल काढावा, हेही सांगायचे राहिले होते. ब्रेडच्या बहुतेक गुंत्यांचे मूळ त्या पहिल्या सैल वेढ्यात असते.

दिवाळेकर

गायमुखकरांनी घसरण्याचे बरोबर ओळखले. माझ्या पुतण्याने याच कारणाने एक चांगले रील विकून टाकले होते.

दादा, एक विनंती. गुंता झालेली ब्रेड किंवा कापलेला तंगूस जेट्टीवर टाकू नका, खिशात घालून घरी न्या. ठाणे खाडीचा वाशी ते ऐरोली पुलांमधला भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि ते पक्षी ओहोटीला आपल्या बाजूच्या चिखलातही उतरतात. तंगुसात पाय अडकलेला पक्षी मी माझ्या हातांनी सोडवला आहे. तंगूस निदान तुटतो तरी. ब्रेड पायात रुतत जाते.

सारसोळे_भरती

जुना तंगूस पिशवीतच होता, तो तळाशी भरला. स्पूल हाताने धरून ओढून पाहिले, गुंडा आता जागचा हलत नाही. ड्रॅग काट्यावर दोन किलोला लावला आहे. आज सकाळी ओहोटीच्या सुरुवातीला एक जिताडा लागला, फार मोठा नव्हता. त्याने उडी घेतली तेव्हा कोलशेतकरांनी सांगितल्याप्रमाणे रॉड खाली झुकवला आणि दोरी ताठ राहिली. गळ जबड्याच्या कोपऱ्यात आरपार बसला होता. काढायला पक्कड लागली. लीडरचा शेवटचा वीतभर भाग गालफडाला घासून खरखरीत झाला आहे, तेवढा कापून पुन्हा बांधतो.